तीन फुटांचा घाट आणि वायपर खाणारी गिधाडं

महाबळेश्वरला टॅक्सीत बसलं की पहिला प्रश्न येतो, "किती पॉइंट करायचे?" आपल्या सहली अशा पॉइंटांत मोजल्या जातात. हा हिशेब घेऊन कुणी अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, एव्हरग्लेड्स नॅशनल पार्कात गेलं, तर पहिला अर्धा तास नुसता वैतागात जातो. डोंगर नाही, दरी नाही, धबधबा नाही. क्षितिजापर्यंत पिवळट गवत, गवतात घोटाभर-गुडघाभर पाणी आणि वर ऐसपैस आभाळ. लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आई-बाबा मायामीहून तासाभराचा प्रवास करून येतात, गाडीतून उतरतात, इकडेतिकडे बघतात आणि बाबा विचारतात, "बरं, मग बघायचं काय?"

बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर पुढे तुकड्या-तुकड्यांत दिलं आहे. कुठूनही वाचायला घ्या.

इथला घाट तीन फुटांचा

पार्कातल्या मुख्य रस्त्यावर एक पाटी लागते: रॉक रीफ पास, उंची 3 फूट. कसारा आणि खंबाटकी चढलेल्या माणसाला हसू फुटणारच. कोकणातल्या घराचं जोतंही कधी कधी याहून उंच असतं. पण पाटी थट्टेची नाही. इथे सगळा खेळ इंचांचा आहे. जमीन वीतभर खाली गेली की वर्षातला बराच काळ पाणी आणि लव्हाळ्यासारखी पाती. हातभर वर आली की पाइनचं रान. आणखी थोडी वर आली की महोगनीसारख्या झाडांची दाट राई. सह्याद्रीत झाडी बदललेली बघायला हजार फूट चढावं लागतं, इथे गुडघा वाकवला तरी पुरे.

ही दलदल नाही, नदी आहे

उत्तरेकडच्या ओकीचोबी सरोवराचं पाणी पावसाळ्यात काठावरून सांडायचं आणि दक्षिणेला समुद्राकडे निघायचं. त्या प्रवाहाची रुंदी शंभर किलोमीटरच्या आसपास, खोली मात्र काही इंचांपासून काही फुटांपर्यंत. उतार किती? किलोमीटरमागे तीन-साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं. त्यामुळे पाणी वाहतं हे डोळ्यांना कळतच नाही.

ते लोकांना कळवलं मार्जरी स्टोनमन डग्लस नावाच्या लेखिकेनं. 1947 साली तिचं 'द एव्हरग्लेड्स : रिव्हर ऑफ ग्रास' हे पुस्तक आलं आणि 'बिनकामाची दलदल' एका रात्रीत 'गवताची नदी' झाली. गंमत म्हणजे बाई स्वतः तिथे फारशा भटकणाऱ्या नव्हत्या. डास आणि ओल त्यांनाही नकोच होती. 1969 साली, वयाच्या 79व्या वर्षी, त्यांनी एव्हरग्लेड्सच्या रक्षणासाठी संघटना काढली. निमित्त होतं शेजारच्या पाणथळीत घातलेल्या प्रचंड विमानतळाच्या घाटाचं. तो बेत बारगळला. बांधून झालेली एकुलती एक धावपट्टी तेवढी उरली. बाई पुढे 108 वर्षांच्या होऊन 1998 साली गेल्या. निवृत्तीनंतर काय करायचं, असा प्रश्न पडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

अमेरिकेलाही बाबांचाच प्रश्न पडला होता

6 डिसेंबर 1947 रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी या पार्काचं उद्घाटन केलं. त्याआधीची मोठी राष्ट्रीय उद्यानं म्हणजे गरम पाण्याचे फवारे, खोल घळी, बर्फाची शिखरं. बघणाऱ्याचा आ वासला पाहिजे, ही जणू अटच होती. तसलं काही नसताना निव्वळ तिथल्या जीवसृष्टीसाठी राखलेलं हे पहिलं मोठं उद्यान. क्षेत्रफळ सुमारे 6,100 चौरस किलोमीटर, म्हणजे शहर आणि उपनगर धरून दहा मुंबया मावतील. 1979 पासून ते जागतिक वारसा आहे. पॉइंट नसल्याची तक्रार तेव्हाही झाली असणार.

गवतही गवत नाही

'सॉग्रास' हे त्या पिवळट पसाऱ्याचं नाव. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी ते गवत नाही. आपला लव्हाळा आणि नागरमोथा ज्या कुळातले, त्याच कुळातलं ते. पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते. उसाच्या फडात शिरून हात चरचरून घेतलेल्यांना जास्त सांगायला नको.

नावांवर जाऊ नका

शार्क व्हॅलीत शार्क नाही आणि व्हॅली म्हणावी अशी दरीही नाही. तिथलं पाणी पुढे शार्क नदीला मिळतं, एवढंच नातं. 'टेन थाउजंड आयलंड्स'मध्ये खारफुटीची बेटं आहेत शेकड्यांत; दहा हजारांचा आकडा कुणीतरी ऐटीत ठोकून दिलेला. आणि रस्ता जिथे संपतो त्या गावाचं नाव फ्लेमिंगो. तिथे जाऊन रोहित पक्षी दिसला, तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढावं. 2023च्या ऑगस्टमध्ये इडालिया वादळाबरोबर रोहित फ्लोरिडात उडून आले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. रोहितच बघायचे असतील तर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर जा, विमानाचे पैसे वाचतील.

फ्लेमिंगो गावात गुलाबी पक्षी दिसला म्हणून ओरडणारे पर्यटक बहुतेक वेळा बघत असतात तो गुलाबी चमचा. आपल्याकडच्या पांढऱ्या चमच्या पक्ष्याचा हा नटवा भाऊबंद. चोच तशीच, टोकाला पळीसारखी चपटी. रंग येतो तो खाण्यातून. झिंग्यासारख्या जिवांमधलं रंगद्रव्य पिसांत उतरतं.

मगर आणि अ‍ॅलिगेटर, एकाच आळीत

मगर आणि अ‍ॅलिगेटर दोघेही मोकळ्या निसर्गात शेजारी-शेजारी राहतात, अशी जगातली एकमेव जागा म्हणजे फ्लोरिडाचं हे दक्षिण टोक. सांगलीच्या कृष्णेतली किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीतली मगर पाहिलेल्यांना ओळख पटवणं सोपं आहे. अ‍ॅलिगेटर काळपट, त्याचा जबडा रुंद आणि टोकाला गोल; तोंड मिटलं की खालचे दात दिसत नाहीत. इथली अमेरिकन मगर करडी-हिरवट, तिचं मुस्कट निमुळतं आणि तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर डोकावतो. अ‍ॅलिगेटरला गोडं पाणी लागतं, मगरीला खारं-मचूळ चालतं. म्हणून दोघांची गाठ पडते ती फ्लेमिंगोच्या धक्क्यासारख्या, दोन्ही पाणी मिसळतात अशा जागी.

अ‍ॅलिगेटरच्या कुटुंबात मुलगा की मुलगी, हे घरट्याचं तापमान ठरवतं. मादी कुजक्या पानापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते. अंडी 30 अंशांच्या आसपास उबली तर माद्या, 33च्या आसपास उबली तर बहुतेक नर.

शिवाय तो इथला पाणीपुरवठा खाताही सांभाळतो. चिखल उपसून, वनस्पती उपटून तो डबकी खणतो. कोरड्या महिन्यांत आसपासचं पाणी आटलं की मासे, कासवं, पक्षी सगळे त्या डबक्यावर येतात. मालक अधूनमधून एखाद्याला गिळतो, पण बाकीच्यांचा उन्हाळा निभतो.

बगळे हप्ता देतात

बगळे आणि करकोचे घरटी बांधायला मुद्दाम अ‍ॅलिगेटर असलेल्या पाण्यावरची झाडं निवडतात. कारण रॅकूनसारखे अंडीचोर खाली अ‍ॅलिगेटर असला की पोहून यायला धजावत नाहीत. मोबदला? घरट्यातून एखादं अशक्त पिल्लू खाली पडतं. अशा झाडांखाली राहणारे अ‍ॅलिगेटर इतरांपेक्षा गुबगुबीत असतात, हे संशोधकांनी त्यांना पकडून, मापं घेऊन तपासलेलं आहे.

अणुभट्टीजवळचं माहेर

अमेरिकन मगर 1975 साली धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेली, तेव्हा फ्लोरिडात ती काही शेच उरली होती. आज मोठ्या मगरी सुमारे 2,000 आहेत. त्यांना हात दिला तो अनपेक्षित जागेनं: पार्काच्या पूर्वेला टर्की पॉइंटच्या अणुवीज केंद्राभोवती पाणी थंड करायला खणलेल्या कालव्यांनी. माणसांची वर्दळ नाही, कडेला मऊ माती, पाणी खारं. मगरींनी तिथे अंडी घालायला सुरुवात केली आणि मग केंद्रानं मगरींवर लक्ष ठेवायला चक्क जीवशास्त्रज्ञ नेमले.

गिधाडं आणि तुमची गाडी

आता बाबांच्या आवडीचा विषय. रॉयल पाम या थांब्यावर हिवाळ्यात काळी गिधाडं गोळा होतात आणि उभ्या गाड्यांचं रबर खातात. वायपरची पट्टी, काचेभोवतीची सील, दाराची कडा, काहीही. यावर पार्कानं शोधलेला उपाय अस्सल देशी वाटावा असा आहे: गाडी झाकायला ताडपत्री आणि ती बांधायला लवचीक दोऱ्या तिथेच ठेवलेल्या असतात. घ्या, गाडी गुंडाळा, फिरून या, परत ठेवा. लाखाची गाडी आणि वर निळी ताडपत्री. पावसाळ्यातल्या कोकणाची आठवण येऊन आईंना एकदम घरच्यासारखं वाटतं.

सर्पपक्ष्याची वाळवण

रॉयल पामहूनच निघते ती अ‍ॅनहिंगा ट्रेल, सव्वा किलोमीटरच्या आसपासची पायवाट. ज्याच्यावरून तिचं नाव पडलं तो अ‍ॅनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाजाचा, अर्थात सर्पपक्ष्याचा सख्खा भाऊ. पाण्यातून फक्त सापासारखी मान वर काढून पोहतो, भाल्यासारख्या चोचीनं मासा भोसकतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, ती भिजतात. बुडी मारायला ते बरं, उडायला अडचणीचं. म्हणून जेवण झालं की फांदीवर पंख पसरून बसायचं. फोटोसाठी इतकी सोयीची पोझ देणारा पक्षी दुसरा मिळणार नाही.

डोळ्यांपेक्षा चोच तेज

भिगवणला उजनीच्या पाण्यात चित्रबलाक पाहिला असेल, तर इथला वुड स्टॉर्क ओळखीचा वाटेल. दोघे एकाच प्रजातीगटातले. हा गढूळ पाण्यात चोच अर्धवट उघडी बुडवून चालत राहतो. माशाचा स्पर्श झाला की चोच मिटते, सेकंदाच्या चाळीसाव्या भागात. मासा दिसण्याची गरजच नाही. मात्र त्यासाठी मासे दाटीवाटीनं हवेत, म्हणजे डबकी आटत आलेली हवीत. पाणी चुकीच्या वेळी वाढलं की याच्या घरट्यात उपासमार.

घारीनं चोच बदलली

इथली स्नेल काइट नावाची घार जवळपास पूर्णपणे पाण्यातल्या गोगलगायींवर जगते. बारीक, वाकडी चोच शंखात घालून मांस अलगद काढायचं, हे तिचं कसब. मग बाहेरून आलेली, कितीतरी मोठी गोगलगाय फ्लोरिडात पसरली. घारीची पंचाईत होणार असं वाटत होतं. पण मोठ्या चोचीची पिल्लं जास्त जगली, आणि दहा-बारा वर्षांत घारींच्या चोचीचा आणि अंगाचा आकार वाढल्याचं 2017च्या एका अभ्यासात दिसलं. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, असं शाळेत शिकलेल्यांसाठी ही पुरवणी.

सोन्यापेक्षा महाग पिसं

हे सगळे पक्षी आज दिसतात, यामागे एका टोपीची आणि एका खुनाची गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क-लंडनच्या बायकांच्या टोप्यांवर पिसांची फॅशन आली. सगळ्यांत मागणी बगळ्याच्या त्या झुळझुळीत तुऱ्यांना, जे फक्त विणीच्या हंगामात येतात. म्हणजे शिकारी जायचे तेच मुळी घरट्यांवर. मोठे पक्षी मारायचे, पिसं उपटायची आणि पिल्लं तशीच सोडून द्यायची. 1903च्या सुमारास एक औंस पिसांना 32 डॉलर मिळत होते. सोनं तेव्हा औंसाला 20-21 डॉलर होतं. एका औंसासाठी कितीतरी बगळे मारावे लागत.

बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमनवे आणि मिना हॉल या दोघींनी 1896 साली याविरुद्ध मोहीम उघडली. हत्यार होतं चहापानाचं निमंत्रण. मोठ्या घरच्या बायकांना बोलवायचं आणि पिसांची टोपी सोडायला लावायचं. त्यातून पक्ष्यांच्या रक्षणासाठी मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर हळदीकुंकवातून चळवळ निघाली.

इकडे दक्षिणेत 1902 साली गाय ब्रॅडली या तरुणाला पक्ष्यांचा राखणदार नेमलं. तो आधी स्वतःच पिसांच्या शिकाऱ्यांबरोबर फिरलेला, त्यामुळे त्याला सगळ्या चोरवाटा ठाऊक. 8 जुलै 1905 रोजी फ्लेमिंगोजवळच्या एका बेटावर गोळीबार ऐकून तो एकटाच होडीतून गेला आणि तिथे त्याला गोळी घातली गेली. मारणाऱ्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही. पण बातमी देशभर पसरली, आणि 1910 साली न्यूयॉर्क राज्यानं देशी पक्ष्यांच्या पिसांची विक्रीच बंद केली. बाजार बसला, तेव्हा बंदुका थांबल्या. फ्लेमिंगोतल्या पर्यटक केंद्राला आज ब्रॅडलीचं नाव आहे.

अजगर आले, तमिळनाडूला निरोप गेला

पाळायला म्हणून आणलेले बर्मी अजगर मालकांनी सोडले, काही निसटले, आणि एव्हरग्लेड्समध्ये त्यांना घरच्यासारखं हवामान सापडलं. 2005 साली एक फोटो जगभर गाजला: तेरा फुटी अजगरानं सहा फुटी अ‍ॅलिगेटर गिळलेला, अजगर फुटलेला आणि दोघेही मेलेले. खरी भीती मात्र न दिसणाऱ्या गोष्टीत होती. रात्री रस्त्यावर दिसणारे प्राणी मोजून केलेला एक अभ्यास 2012 साली आला. अजगर पसरण्याआधीच्या तुलनेत रॅकून 99.3 टक्क्यांनी कमी दिसले, ओपोसम 98.9 टक्क्यांनी. दुपारी पार्क कितीही गजबजलेला वाटो, रात्र रिकामी झाली होती.

उपाय म्हणून 2016 साली अजगर पकडण्याची स्पर्धा झाली. हजारावर लोक उतरले आणि महिनाभरात 106 अजगर मिळाले. अंगावरचे ठिपके गवतात असे मिसळतात की पायाशी असलेला अजगरही दिसत नाही.

मग फ्लोरिडानं तमिळनाडूतल्या इरुळ जमातीच्या दोघांना बोलावलं. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. सोबत दोन दुभाषे आणि एक लोखंडी पहार. जानेवारी 2017 मध्ये पहिल्या आठ दिवसांत त्यांनी 13 अजगर धरले, त्यात एक सोळा फुटी मादी. दोन महिन्यांच्या आत आकडा तिसाच्या वर गेला. इतर शिकारी गाडीतून रस्ता न्याहाळायचे. हे दोघे पायी झाडोऱ्यात शिरायचे, विष्ठा आणि घसटीच्या खुणा वाचायचे. 2023 साली दोघांना पद्मश्री मिळाली.

अजगरही संपलेले नाहीत आणि युक्त्याही. नर अजगरांना रेडिओ बसवून सोडतात. विणीच्या काळात ते थेट मादीपाशी जातात आणि पाठोपाठ माणसं. फितुरीचा उपयोग गनिमी काव्यात होतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कासची सीता फ्लोरिडात

कासच्या पठारावर सप्टेंबरात निळ्याजांभळ्या फुलांचे गालिचे असतात, ती सीतेची आसवं. इतकं हळवं नाव असलेली ही वनस्पती किडेखाऊ आहे. तिच्याच गोत्रातल्या वनस्पती एव्हरग्लेड्सच्या पाण्यात तरंगतात. त्यांच्या इवल्या पिशव्यांना एखादा बारीक जीव शिवला की झडप उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो, पापणी लवायच्या आत.

पर्यटकाचं झाड आणि बिब्ब्याचा भाऊ

गम्बो-लिम्बो या झाडाची साल लालबुंद असते आणि तिचे पापुद्रे सुटतात. स्थानिक लोक त्याला 'टूरिस्ट ट्री' म्हणतात, कारण उन्हात भाजलेल्या गोऱ्या पर्यटकाची कातडी हुबेहूब तशीच दिसते. त्याच्याच आसपास असतं पॉयझनवुड. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. बिब्बा उतलेला माणूस ज्यानं पाहिला असेल, तो त्या झाडाला हात लावायला जाणार नाही.

पाण्यातली हत्तीण

खाडीत दिसणारी मॅनेटी गाईसारखी चरते, पण तिचं जवळचं नातं हत्तीशी. पुढच्या वल्ह्यांवर अजून नखं आहेत. रोज वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्शाएवढं गवत खायचं म्हणजे दात झिजणारच, म्हणून मागून नवे दात पुढे सरकत राहतात. कवळीचा खर्च नाही.

शेजारच्या उथळ फ्लोरिडा बेमध्ये डॉल्फिनचं जेवण बघण्यासारखं असतं. एक जण शेपटीनं तळाचा चिखल ढवळत माशांभोवती गोल फेरी मारतो. गाळाची भिंत उभी राहिली की घाबरलेले मासे वरून उड्या मारतात, आणि बाकीचे डॉल्फिन बाहेर तोंड उघडून बसलेलेच असतात.

डासांची मोजपट्टी

पार्कात डासांच्या 43 जाती आहेत. पर्यटक केंद्रावर त्यांच्यासाठी एक काटा लावलेला आहे. 'सुखद'पासून सुरू होऊन तो थेट 'वेड लागेल' इथपर्यंत सरकतो. काटा कुठे आहे ते बघून खाली उतरायचं की नाही ते ठरवा.

सरडे पडण्याचा इशारा

इथे बर्फ पडत नाही, पण एखादी थंडीची लाट येते. जानेवारी 2020 मध्ये मायामीच्या हवामान खात्यानं लोकांना सावध केलं होतं की आज झाडांवरून इग्वाना पडू शकतात. घोरपडीएवढे हे परदेशी सरडे गारठून आखडतात आणि खाली येतात. मेलेले नसतात, ऊन लागलं की उठून चालायला लागतात.

पाणकोंबड्यांच्या गावात क्षेपणास्त्रं

1962 साली क्युबात रशियन क्षेपणास्त्रं सापडली, आणि अमेरिकेला जाणवलं की दक्षिणेची बाजू उघडी आहे. क्युबा इथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. मग पार्काच्या आतच नाइकी क्षेपणास्त्रांचा तळ उभारला, 1979 पर्यंत तो चालू होता. आज हिवाळ्यात तो बघायला मिळतो. तिथल्या जवानांचा रोजचा शत्रू कोण होता, हे डासांच्या काट्यावरून ओळखा.

पुण्याचा आंबा

पार्काच्या दारातलं होमस्टेड हे गाव फळबागांचं: आंबा, चिकू, पेरू. 1889 साली पुण्याहून मार्शल वुड्रो यांनी आंब्याची काही कलमं अमेरिकेच्या कृषी खात्याकडे पाठवली. त्यातला मुलगोबा फ्लोरिडात तगला. त्याच्या बाठ्यापासून मायामीच्या कोकोनट ग्रोव्हमध्ये 'हेडन' ही जात निघाली आणि हेडनपासून अमेरिकी दुकानांत मिळणाऱ्या कितीतरी जाती. योगायोग असा की मार्जरीबाईंचं घरही कोकोनट ग्रोव्हमध्येच. आता तो आंबा खाऊन बाबा "हापूसची सर नाही" म्हणणारच, पण खानदान आपल्याकडचं आहे, हे त्यांना जरूर सांगा.

रस्त्यानं अडवलं, पुलानं सोडलं

टँपा आणि मायामी जोडणारा रस्ता 1928 साली झाला, नाव टॅमायामी ट्रेल. (मुंबई-पुणे रस्त्याला कुणी 'मुंपु' म्हटलं नाही, नशीब.) तो गवताच्या नदीला आडवा गेला आणि नकळत बांध झाला. वरच्या अंगाला तर वळणावळणाची 166 किलोमीटरची किसिमी नदी सरळ करून 1971 पर्यंत तिचा 90 किलोमीटरचा कालवा केला होता. पूर थांबला, पण पाणी गाळ-खतांसह धावत सुटलं आणि पक्षी गेले. मग कालव्याचा मोठा भाग पुन्हा बुजवून नदीला वळणं परत द्यायचं काम हाती घेतलं, ते 2021 मध्ये संपलं. टॅमायामीवर 2013 मध्ये मैलभराचा पूल झाला, 2019 मध्ये आणखी. रस्ता उचलला, पाणी खालून सोडलं. चूक करायला जेवढा खर्च आला, त्याहून कितीतरी अधिक ती निस्तरायला येतो आहे. नद्यांच्या काठी भिंती बांधणाऱ्या आपल्या शहरांनी हे वाचायला हरकत नाही.

जायचं असेल तर

केव्हा? डिसेंबर ते मार्च. पाणी आटतं, प्राणी पाण्याजवळ गोळा होतात, डास कमी. मे ते ऑक्टोबर पाऊस, उकाडा आणि तो डासांचा काटा.

कुठून? दारं तीन: होमस्टेड, शार्क व्हॅली आणि एव्हरग्लेड्स सिटी. ती आतून एकमेकांना जोडलेली नाहीत, त्यामुळे आधी ठरवून निघा. एकच दिवस असेल तर होमस्टेडनं शिरा. रॉयल पामपासून फ्लेमिंगोपर्यंत सगळं एका रस्त्यावर.

शार्क व्हॅलीत 24 किलोमीटरचा गोल रस्ता आहे, सायकल किंवा ट्रामनं. मध्ये मनोरा आहे. सपाट मुलखात तेवढ्या उंचीवरूनही गवताची नदी कळते. रस्त्यावर अ‍ॅलिगेटर ऊन खात पडलेले असतात. त्यांच्यापासून किमान पंधरा फूट लांब राहायचं. वाट त्यांनी द्यायची असते, आपण मागायची नसते.

डब्यातली शंकरपाळी डब्यातच ठेवा. प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे. माणसाकडून खाऊ मिळायची सवय लागलेला अ‍ॅलिगेटर शेवटी मारावा लागतो.

आणि बाबांना एक सांगा. अ‍ॅनहिंगा ट्रेलच्या कठड्याला टेकून वीस मिनिटं एकाच जागी उभं राहायचं. पहिली पाच मिनिटं काही नसतं. मग सर्पपक्षी मान वर काढतो, चमचा पळी फिरवतो, पाण्यातल्या पाचोळ्याला डोळे फुटतात. इथे पॉइंटावर आपण जात नाही, उभे राहू तिथे तो येतो. सहावा प्राणी दिसेपर्यंत बाबा घड्याळ बघायचं विसरलेले असतात.

निघताना ताडपत्रीची नीट घडी घालून परत ठेवा. मागच्या गाडीतून आणखी कुणाचे आई-बाबा उतरत असतात, वायपर अजून शाबूत असतात आणि गिधाडं कुंपणावर शिस्तीत बसलेली असतात.